हलवूनअण्णा

माणकी नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडं धामणपेठ, पलीकडं जोंधळ्याची रानं, आणि रानांच्याही पल्याड तालुक्याचं गाव. मध्ये येसबा कोळ्याची नाव. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता राहिली नाहीत. त्यांनी ज्यांना सांगितलं त्यांनी आम्हाला सांगितलं. सांगताना प्रत्येकानं थोडं आपल्या पदरचं घातलं असेल. पण तळाशी जे बसलंय ते तेच आहे.

धामणपेठेत विरूपाक्ष गाडवे नावाचे एक गृहस्थ होते. गाव त्यांना विरूअण्णा म्हणायचं. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं औषधांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक जाडाभरडा पडदा. त्या काळी औषधं आजच्यासारखी पाकिटांतून येत नसत. बाजारच्या दिवशी तालुक्याहून डॉक्टर नावेनं यायचे, रोगी तपासायचे, औषध लिहून द्यायचे आणि संध्याकाळच्या नावेनं परत जायचे. पुढचा सगळा आठवडा विरूअण्णा खलात पुडी घोटायचे, काचेच्या मापानं पाणी घालायचे आणि बाटल्या भरायचे. बाटलीवर दोन कागद चिकटवायचे. एक डोसाच्या खुणांची पट्टी, आणि एक चिठ्ठी, तिच्यावर लिहिलेलं असायचं : हलवून घ्या.

पट्टी सगळीकडं साधी असते, दोन्ही बाजूंना करवतीसारखे दात कापलेली. विरूअण्णांची तशी नसायची. लहान मुलाची बाटली असली की ते पट्टी म्हशीच्या आकाराची कापायचे. बाटली भरलेली असताना म्हैस औषधात बुडालेली दिसायची. एक डोस घेतला की शिंगं वर यायची, दुसऱ्याला डोळे, मग पाठ, मग पोट. म्हैस पूर्ण बाहेर आली की औषध संपलं. मुलं म्हशीसाठी कडू औषध गिळायची. काही मुलं बरी झाली तरी म्हैस अर्धी पाण्यात राहिली म्हणून रडायची, असं म्हणतात.

अण्णा ठेंगणे होते, पोट सुटलेलं होतं. त्यांचं हसू आधी पोटात सुरू व्हायचं, मग खांद्यांपर्यंत चढायचं, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा. ते हसले की फळीवरच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. पेठेतली माणसं तो आवाज ऐकून म्हणायची, अण्णांचं दुकान उघडलं.

कुणी विचारायचं, "अण्णा, ह्या औषधानं बरं वाटंल न्हवं?"

"मला तर रोज वाटतं."

"आवं, तुम्ही कुठं घेताय? तुम्ही देताय."

"तेच म्हणतोय मी. देणाऱ्याला बरं वाटतं. आता घेऊन बघा."

अशी त्यांची तऱ्हा.

आता त्यांचं नाव कसं बदललं ते ऐका. माळावरच्या वस्तीत तुळसाकाकू म्हणून एक म्हातारी होती. तिच्या नातवाला डांग्या खोकला झाला. अण्णांनी बाटली दिली, कधी किती द्यायचं ते सांगितलं. पण म्हातारीचं सगळं ध्यान नातवाच्या खोकल्याकडं. घरी गेल्यावर तिनं शेजाऱ्याकडून चिठ्ठी वाचून घेतली. शेजाऱ्यानं एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं, "ह, ल, वू, न, घ्या."

तुळसाकाकूनं विचार केला. घ्यायचं पोरानं. म्हणजे हलवायचंही पोराला.

पुढच्या बाजारी ती कंबरेला हात लावून दुकानात आली. म्हणाली, "अण्णा, औषध गुणाचं हाय, त्याबद्दल न्हाई म्हनत न्हाई. पर माझी कंबर गेली. पोरगं हाय पाच वर्साचं, अंगानं भरल्यालं. त्येला काखंत धरून दिवसातनं तीन येळा हलवायचं म्हंजी कसं जमावं? तुमी येखादं न हलवता घ्यायचं औषध द्या."

दुकानात माणसं होती. आधी कुणाला कळलं नाही. मग एकाला कळलं, मग सगळ्यांना. सगळे हसायला लागले. कुणी म्हणालं, "काकू, आवं बाटली हलवायची, बाटली." म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती जायला वळली.

अण्णाही हसत होते. पण म्हातारीचा चेहरा त्यांनी पाहिला. त्यांनी फळीवरची एक बाटली उचलली, दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेली, आणि कंबरेपासून खांद्यापर्यंत सगळं अंग बाटलीबरोबर हलवलं. त्यांचं पोट डाव्या बाजूला गेलं की बाटली उजव्या बाजूला जायची.

"काकू, थांबा," ते म्हणाले. "पोरगं हसलं का, हलवल्यावर?"

"हसलं की. मैन्यात पयल्यांदा हसलं."

"मग झालं तर. काकूंचंच बरोबर आहे. औषध हलणार आणि आपण मक्ख बसणार, ह्याला काय अर्थ? आजपासून आधी बाटली हलवायची, मग आपण हलायचं, मग औषध घ्यायचं."

त्या दिवसापासून धामणपेठेत तो रिवाज पडला. अण्णा दुकानात बाटली हलवायचे तेव्हा समोरचा रोगीही हलायचा. घरी आई औषध द्यायची तेव्हा सगळं घर हलायचं. पोलीसपाटलांना सगळ्यांसमोर हलायची लाज वाटायची, म्हणून ते नुसत्या मिशा हलवायचे. अण्णा म्हणायचे, "चालतंय, दुखणं दाताचं आहे." तालुक्याचे डॉक्टर मोठे गंभीर होते. त्यांनी एकदा हे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "बाटली हलतेय ना?" त्यांनी विचारलं. "मग बाकीचं काहीही हलू दे." अण्णांना गाव हलवूनअण्णा म्हणायला लागलं. त्यांनाही ते आवडलं.

एकच माणूस कधी हललं नाही. अण्णांची बायको, नागव्वा.

नागव्वा उंच होत्या, कमी बोलायच्या. अण्णा दिवसभर हसवायचे, आणि नागव्वा पडद्यामागं भाकऱ्या थापत सगळं ऐकायच्या. दुकान बंद झालं की अण्णा घरात यायचे, मुलांना ओळीनं उभं करायचे आणि साखरेच्या पाण्यात बडीशेपेचा अर्क घालून एकेक चमचा द्यायचे. देण्याआधी सगळ्यांनी हलायचं. तीन मुलं आणि शेवटी धाकटी कस्तुरी. कस्तुरी हलता हलता पडायची, उठायची आणि परत हलायची. मग अण्णा चमचा घेऊन नागव्वांसमोर जायचे.

"आता तुम्ही."

"मला काय झालंय?"

"काही व्हायच्या आधीच घ्यायचं."

"मी हलले तर घर हलंल," नागव्वा म्हणायच्या आणि चमचा न हलता तोंडात घ्यायच्या. मुलं हसायची. अण्णा रोज विचारायचे आणि त्या रोज तेच सांगायच्या. त्यांना हसू यायचं नाही असं नव्हे. पण त्या चुलीकडं तोंड करून हसायच्या, असं म्हणतात.

मग एक वाईट साल आलं. पाऊस उतरणीला लागला होता, ओढ्यानाल्यांत पाणी साचून राहिलं होतं, आणि हिवतापानं धामणपेठ धरली. घराघरांत माणसं घोंगड्याखाली कुडकुडायला लागली. हिवतापावर औषध एकच, कोयनेल. अण्णांनी असलं नसलं सगळं कोयनेल वाटलं. शेवटची पुडी होती ती सकाळी कुंभाराच्या पोराला गेली. आणि त्याच दिवशी कस्तुरीला थंडी वाजायला लागली.

कस्तुरीला ताप असा चढला की अंगावर ओला फडका ठेवला तर तो वाळायचा. ती बडबडायची, मग गप्प व्हायची, मग परत कुडकुडायची. अण्णांनी मोकळा डबा उघडून पाहिला. त्याच्या कडा बोटानं पुसून पाहिल्या. दुकानात तेव्हा कोणीही हसलं नाही, आणि बाटल्या किणकिणल्या नाहीत.

नागव्वांनी कुंभाराच्या पोराचं नावही काढलं नाही. त्या म्हणाल्या, "तालुक्याला जावा. मी हाय हितं."

अण्णा उजाडताच नावेनं पलीकडं गेले. रानांतून चालत तालुक्याला पोचले. डॉक्टरांच्या दवाखान्यातून कोयनेलची मोठी पुडी आणि दुकानासाठी रिकाम्या बाटल्या मिळवल्या, तिथल्याच बैलगाडीनं परत निघाले. आणि नदीवर येऊन पाहतात तर माणकी दुसरीच झालेली. वरच्या डोंगरात कुठंतरी ढग फुटला होता. तांबडं पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं, झाडं मुळांसकट वाहून येत होती. येसबानं नाव ओढून अलीकडच्या काठावर चिंचेला बांधली होती. नदीचा आवाज एवढा, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना.

नाव चालणार नव्हती. पण नावेचा दोर होता. दोन्ही काठांवर लाकडाचे रहाट रोवलेले होते आणि त्यांवरून तो दोर फिरायचा. येसबा रहाट फिरवून त्या दोरानं नाव आणायचा. दोर पाण्याच्या जरा वर तणतणत होता. अण्णांनी तो पाहिला आणि त्यांना सुचलं. पुडी अशीच बांधून पाठवली असती तर ती भिजून वाहून गेली असती, आणि पेठेत डोस मापून द्यायलाही कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी काठावरच्या मळ्यातून स्वच्छ पाणी आणलं, सोबतच्या बाटल्यांत कोयनेल कालवलं, बुचं मेणानं बंद केली. प्रत्येक बाटलीवर पट्टी लावली आणि चिठ्ठी लावली : हलवून घ्या. एका बाटलीवरची पट्टी म्हशीची होती. मग बाटल्या मळेवाल्याच्या घागरीत गवतात घालून, तोंड फडक्यानं बांधून, त्यांनी घागर दोराला बांधली. पलीकडं हात उंच केला. येसबाला कळलं. तो रहाट फिरवायला लागला.

घागर निघाली. मध्यावर आली तेव्हा दोर वजनानं खाली झुकला आणि घागर पाण्यात गेली. काठावरचे सगळे ओरडले. घागर वर आली, परत बुडाली, परत वर आली. येसबाच्या तळहातांची कातडी निघाली, पण त्यानं रहाट सोडला नाही. घागर अलीकडं लागली, येसबानं ती छातीशी धरली, आणि त्याच क्षणी दोर तुटला आणि सापासारखा वळवळत पाण्याबरोबर निघून गेला.

आता पलीकडून काही येणार नव्हतं, आणि इकडून काही जाणार नव्हतं.

घागर उघडली. बाटल्या शाबूत होत्या. पण पाण्यानं कागद चिकटवायची खळ उतरली होती. पट्ट्या गेल्या होत्या, चिठ्ठ्या गेल्या होत्या. त्यांचा भिजलेला लगदा घागरीच्या तळाशी पडला होता. आणि घागर चिंचेखाली ठेवून सगळे धापा टाकत होते, तेवढ्या वेळात बाटल्यांतलं औषध निवळलं. वर नितळ पाणी दिसत होतं. तळाशी पांढुरका गाळ.

ज्याच्या घरी ताप होता असा प्रत्येक माणूस तिथं होता. सगळ्यांनी बाटल्या उन्हात धरून पाहिल्या.

"नदीचा गाळ शिरला की वो आत," कुंभार म्हणाला.

"शिरणारच. किती येळा बुडली घागर."

"मग वरचं औषध चांगलं हाय. खालचं टाकून द्या."

तुळसाकाकू पुढं आली. गढूळ पाणी गाळून घ्यायची पेठेला सवयच होती. पावसाळ्यात सगळी माणकी गाळूनच प्यायची. तिनं धुतलेल्या लुगड्याची घडी काढली, एका भांड्यावर ताणून धरली आणि म्हणाली, "आना ती बाटली. कस्तुरीची आधी गाळू. लेकराच्या पोटात चिखुल नगं."

पलीकडच्या काठावरून अण्णांना हे सगळं दिसत होतं. माणसं लहान दिसत होती, पण भांडं दिसत होतं आणि त्यावरचं पांढरं फडकं दिसत होतं. त्यांना कळलं. गाळ नव्हता तो. तेच कोयनेल होतं. फडक्यावर राहील ते औषध आणि भांड्यात पडेल ते नुसतं पाणी. मुलीला पाणी पाजतील आणि औषध नदीत झटकतील.

ते ओरडले. घसा फुटेपर्यंत ओरडले. नदीनं त्यांचा आवाज त्यांच्या ओठांवरूनच नेला. त्यांनी हात हलवले. इकडच्यांनीही हात हलवले. त्यांना वाटलं, अण्णा विचारतायत, मिळालं का? मिळालं मिळालं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग अण्णांनी पायातल्या वहाणा काढल्या. ते काठावरच्या उंच दगडावर चढले, दोन्ही हात कानाजवळ नेले, आणि नाचायला लागले.

"आता ह्यो मानूस नाचतोय का?" तुळसाकाकू म्हणाली. "पोरगी तापानं फणफणतीया आन् ह्येला नाच सुचतोय."

"डोस्कं फिरलं असंल. उन्हातनं आल्यात."

"आवं, थंडी वाजत असंल. त्यास्नीबी ताप भरला जणू."

अण्णा नाचत होते. दगड निसरडा होता. एकदा ते घसरले, गुडघ्यावर आपटले, उठले आणि परत नाचायला लागले. त्यांचं पोट डाव्या बाजूला जायचं तेव्हा हात उजव्या बाजूला जायचे.

नागव्वा घरून आत्ताच आल्या होत्या. कस्तुरीला थोरल्या मुलीच्या मांडीवर ठेवून त्या धावत आल्या होत्या. त्यांनी एकदा फडक्याकडं पाहिलं आणि एकदा नदीपलीकडं पाहिलं. हा नाच त्यांनी रोज पाहिला होता. पडद्याच्या फटीतून, भाकरी थापता थापता, इतकी वर्षं. हात कुठं असतात आणि पोट कुठं जातं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांच्या हातांत काही नव्हतं, पण नागव्वांना तिथं बाटली दिसली.

"काकू, फडकं काढा," त्या म्हणाल्या.

"आगं पर गाळ..."

"गाळ न्हाई ते. हलवून घ्या म्हनत्यात."

नागव्वांनी म्हातारीच्या हातातून बाटली घेतली. बूच घट्ट आहे ना ते पाहिलं. मग त्यांनी पलीकडं पाहिलं. अण्णा अजून नाचत होते, कारण इकडच्यांना कळलंय की नाही हे त्यांना कळत नव्हतं. फडकं काढलेलं त्यांना दिसलं असेल, नसेल. पुरात दोर तुटलेल्या माणसाला कळलं म्हणून सांगायचं तरी कसं?

नागव्वा नावेच्या टोकावर चढल्या, सगळ्या पेठेसमोर. त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेली, आणि त्या हलल्या. आधी कंबर, मग खांदे. डोक्यावरचा पदर खाली आला तो त्यांनी सावरला नाही. बाटलीत खालचं पांढरं वर उठलं, वरचं पाणी खाली गेलं, आणि सगळं औषध दुधासारखं एक झालं.

ते बघून तुळसाकाकू हलली. येसबा रक्ताळलेले हात वर धरून हलला. कुंभार हलला. पोलीसपाटील मिशांसकट सगळेच्या सगळे हलले. ज्यांच्या हातांत बाटल्या होत्या ते बाटल्यांसकट आणि बाकीचे तसेच. पलीकडं एक माणूस आणि अलीकडं सगळं गाव, मध्ये ती तांबडी नदी. असं म्हणतात, त्या वेळी चिंचही हलली, वारा नसताना. आणि म्हणतात की माणकी दोन्हींकडं बघत बघत गेली आणि त्या दिवशी तिनं पाणी आणखी चढवलं नाही.

पण पूर उतरलाही नाही. अण्णा पलीकडंच अडकले. मळेवाल्यानं त्यांना भाकरी दिली, झोपायला मचाण दिलं. डोसाची वेळ झाली की अण्णा दगडावर येऊन हलायचे, आणि इकडं नावेवर नागव्वा हलायच्या, मग घरोघरी औषध दिलं जायचं. कस्तुरी कशी आहे, हे मात्र अण्णांना विचारता येत नव्हतं. त्यासाठी नाच नव्हता. नागव्वा येतात, हलतात, परत जातात, एवढंच त्यांना दिसायचं. त्या हलतायत म्हणजे देण्यासाठी कुणीतरी आहे, असं ते स्वतःला सांगायचे. एखाद्या वेळी नागव्वांना यायला उशीर व्हायचा, आणि तेवढ्यात अण्णा म्हातारे व्हायचे. त्यांचे केस त्या मचाणावरच पिकले, असं म्हणतात.

घरी कस्तुरी डोळे मिटून पडली होती. चमचा तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटायची. कोयनेल फार कडू. एकदा तिनं डोळे उघडून बाटलीकडं पाहिलं.

"म्हैस कुठं हाय?" तिनं विचारलं.

"नदीत डुंबायला गेलीय," नागव्वा म्हणाल्या. "नदी मोठी झालीय ना. तिला बाहेर निघायला उशीर लागतोय. तुझं आप्पा तिकडं काठावरच बसल्यात, तिला घिऊन येतील."

कस्तुरीनं थोडा विचार केला. "मी औषध घेतलं की वर येती ना ती?"

"थोडी थोडी येती."

मग कस्तुरीनं तोंड उघडलं. त्या दिवसापासून प्रत्येक डोसाला ती विचारायची, किती आली, आणि नागव्वा सांगायच्या, शिंगं आली, डोळे आले, कान झटकतीया.

एका सकाळी अण्णा दगडावर आले आणि त्यांनी पाहिलं, नागव्वा येतायत पण हातात बाटली नाही. हातात घोंगडीचं गाठोडं आहे. अण्णांचे पाय दगडावर जागीच राहिले. नागव्वा सावकाश नावेवर चढल्या. त्यांनी गाठोडं उभं केलं, वरची घोंगडी बाजूला केली. आतून एक बारीक हात निघाला. मग दुसरा निघाला. ते दोन हात कानाजवळ गेले आणि हलले.

अण्णा दगडावर बसले. मळेवाला सांगायचा, की हा माणूस हसतोय की रडतोय ते त्याला कळेना, कारण दोन्ही त्याच्या पोटातूनच सुरू व्हायचं.

पूर उतरला तसा येसबानं नवा दोर लावला आणि पहिल्या फेरीला अण्णांना आणलं. त्यांनी मळ्यातल्या केळीच्या सोपटाची म्हैस करून आणली होती, चांगली हातभर. सगळी पेठ काठावर होती. अण्णा नावेतून उतरले, कस्तुरीला उचललं आणि नागव्वांसमोर उभे राहिले.

"तुम्ही हललात," ते म्हणाले.

"थंडी वाजत होती," नागव्वा म्हणाल्या. "चला, भाकरी निवतीया."

त्या सालानंतर अण्णा पुष्कळ जगले. मुलं मोठी झाली, लग्नं झाली. कस्तुरीची पाठवणी झाली तेव्हा तिच्या नावेतून जाणाऱ्या वऱ्हाडाला अण्णांनी एकेक चमचा बडीशेपेचं पाणी दिलं आणि सगळ्यांना हलवलं. नाव उलटायची वेळ आली, असं येसबाचा मुलगा सांगायचा. शेवटी अण्णा थकले, अंथरुणाला लागले. नागव्वा औषध द्यायला आल्या तेव्हा ते म्हणाले, "आधी हला." नागव्वांनी दार लोटलं. आत काय झालं ते कुणी पाहिलं नाही. पण बाहेर दुकानात फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या, आणि पेठेतली माणसं सवयीनं म्हणाली, अण्णांचं दुकान उघडलं.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं अण्णांना फुलांच्या विमानात बसवून नेलं. पुढं हलगी होती. चिंचेपाशी आल्यावर खांदेकरी न ठरवता थांबले, आणि त्यांनी विमान हळूच डावीकडं उजवीकडं हलवलं. अण्णांची मान डोलली. रडणारी माणसं हसली. मग परत रडली.

आता माणकीवर पूल झाला आहे. औषधं गोळ्यांची असतात, त्या हलवाव्या लागत नाहीत. तरी धामणपेठेत औषध एकट्यानं घेत नाहीत. घरातलं कुणीतरी समोर उभं राहतं आणि दोघं हलतात. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात एखाद्या खाटेभोवती सगळे नातेवाईक हलायला लागले, तर जुन्या नर्स विचारतात, "धामणपेठचे का?" पाऊस उतरणीला लागला की गाव चिंचेखाली जमतं. सोपटाची म्हैस नदीत सोडतात, मुलांना बडीशेपेचं पाणी देतात, आणि त्या जागेला हलवूनघाट म्हणतात.

आणि ज्यांच्या घरी समोर हलायला कुणी उरलेलं नसतं, ते बाटली घेऊन घाटावर येतात. ही चाल नागव्वांपासून पडली. अण्णांच्या माघारी त्या आपलं खोकल्याचं औषध कधी घरात घेत नसत. पदर खोचून घाटावर यायच्या, पलीकडं तोंड करून उभ्या राहायच्या, बाटली कानाजवळ न्यायच्या आणि हलायच्या. मग थोडं थांबायच्या. असं म्हणतात, पलीकडं त्या दगडापाशी कुणीतरी हलतं. जोंधळ्याची कणसं असतील, वाऱ्यानं हलली असतील. नागव्वा ते पाहायच्या, मान डोलवायच्या, आणि मगच बूच उघडायच्या.